दुखरा खांदा आणि क्रॉसबो

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. धनुष्य ताणताना खांद्याभोवतीच्या 'रोटेटर कफ' या चार स्नायूंवर ताण येतो. त्यांना इजा झाली किंवा संधिवाताने बोटे आखडली, की अनेक शिकारी क्रॉसबोकडे वळतात. काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो.

क्रॉसबोची दोरी एकदा खटक्यात अडकली, की ताणून धरावी लागत नाही. मात्र ती ओढायला बहुधा १५० पौंडांहून अधिक जोर लागतो. कप्पीच्या दोरीने तो निम्म्यावर येतो, तर हाताने फिरवायच्या क्रँकने अगदी थोडा उरतो. म्हणून अधू खांद्याच्या माणसाने बाणाच्या वेगाआधी क्रँकची सोय आणि हत्याराचे वजन पाहावे. नेम धरताना ते तिपाईवर टेकवावे.

दोरीच्या वाटेत अंगठा आला, तर तो तुटू शकतो. बाण न लावता चाप ओढू नये. मचाणावर चढताना सुरक्षापट्टा बांधावा आणि क्रॉसबो न ताणलेल्या स्थितीत दोराने मागाहून वर घ्यावा. खांद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती भार झेपेल हे आधी फिजिओथेरपिस्टला विचारावे.