लाल मणी सरकला, तर…

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो, ही वर्षानुवर्षांची बातमी. गरोदर बाईला खाटेची कावड करून नाल्यापार नेल्याचा फोटो छापून येतो, सगळे हळहळतात आणि मागणी होते: रस्ता द्या, पूल द्या, डॉक्टर द्या. मागणी रास्तच आहे. पण चार दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले, तर पूल बांधून होईपर्यंत ते थांबू शकत नाही. त्याच्या हाती काही तासच असतात.

याचं उत्तर गडचिरोलीनेच शोधून दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. 1988 मध्ये त्यांनी गावोगावची नोंद घेतली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 121 बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. न्यूमोनिया हे त्यातलं मोठं कारण. तो ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त भरले, तर धोका. साठपर्यंत मोजणं निरक्षर सुइणीला अवघड. म्हणून मण्यांचं एक साधं उपकरण तयार झालं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. निदान सुइणीच्या हातात आलं.

नवजात बाळाचं काम आणखी कठीण होतं. बाळंतिणीने आणि बाळाने घराबाहेर पडायचं नाही, ही रीत. मग दवाखानाच घरात न्यायचा, असं ठरलं. 39 गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. बाळंतपणाला ती सुइणीसोबत हजर असे. बाळ रडलं का, श्वास घेतंय का, हे पाही. घेत नसेल तर तोंडावर मास्क धरून हवा देई. त्याला कोरडं करून, गुंडाळून आईच्या अंगाशी देई, वजन करी. पुढचे अठ्ठावीस दिवस ती पुन्हा पुन्हा येई. बाळाने दूध ओढणं सोडलंय? रडणं क्षीण झालंय? हातपाय ढिले पडलेत, अंग गार लागतंय, पोट फुगलंय? अशी लक्षणं जुळली आणि आईबाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन तीच देई. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते.

2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत गावोगावच्या ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस ठरावीक भेटी, आणि त्या साऱ्यांचे मिळून आशाला 250 रुपये. देशाने गडचिरोलीकडून एवढं घेतलं, याचा अभिमान वाटतो. पण घेताना इंजेक्शन मागेच राहिलं. आशाने आजार ओळखायचा आणि बाळाला पुढे पाठवायचं. जिथे रस्ता आहे, गाडी आहे, तिथे हे ठीकच. पण नाल्याला पाणी असताना पुढे म्हणजे कुठे?

शहरातल्या डॉक्टरांना भीती वाटते की कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई गेली तर गैरवापर होईल. भीती खोटी नाही. पण तिला उत्तर आहे: कसून शिकवणं, दर भेटीची नोंद, आणि ती नोंद नियमित तपासणारा पर्यवेक्षक. त्या 39 गावांत हेच केलं होतं. हा खर्च टाळायचा आणि नुसत्या भेटी मोजायच्या, तर बाळं वाचणार नाहीत.

आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहावं म्हणून. चांगली सोय आहे. पण बाळंत होऊन ती बाळासह गावी परतते, तेव्हा धोक्याचे दिवस सरलेले नसतात.

म्हणून पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या प्रत्येक गावात निदान एका आशाला हे पूर्ण प्रशिक्षण आणि औषध देण्याचा अधिकार मिळायला हवा. आणि जिच्यावर बाळाचा जीव सोपवायचा, तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर राबवणं बंद करून नियमित पगार द्यायला हवा. तुमच्या आमदाराला याबद्दल जरूर विचारा.