नागराज रेखाटणारा हात

१९९० च्या सुमारास जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी सातवीचा वर्ग शिकवीत असें. एके दिवशीं एका मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकांत दडविलेली हिंदी चित्रकथा मला सांपडली. जालन्याच्या बसस्थानकावरून दिवसाच्या भाड्यानें आणलेली! अंगावर हिरवे खवले, मनगटांतून सर्प सोडणारा असा तो 'नागराज'. मुलाच्या वहीच्या मागील पानांवरही तेच सर्प उतरविलेले. पुस्तक मीं जप्त केलें व त्याला तासभर उभें केलें.

सायंकाळीं घरीं तें चाळतांना चित्रकाराचें नांव दिसलें: प्रताप मुळीक. मी चपापलों. याच हातानें काढलेला 'अमर चित्र कथे'तील 'शिवाजी' मीं शाळेंत बक्षीस म्हणून वाटला होता!

मुळीक पुण्याचे. अनंत पै यांनीं १९६७ सालीं सुरू केलेल्या त्या मालेंतील अनेक पौराणिक व ऐतिहासिक पुस्तकें त्यांनीं सजविलीं. पुढें १९८० नंतर अमिताभ बच्चन यांना वीरनायक कल्पून 'सुप्रीमो' ही माला निघाली. तिचीं चित्रेंही त्यांचींच. येथें अडचण निराळी. रामाचा चेहरा कोणीं पाहिलेला नाहीं. बच्चनांचा मात्र पानवाल्याच्या पोरालाही पाठ. वरून, खालून, बाजूनें, कसाही काढला तरी तो ओळखूं आला पाहिजे.

'नागराज' दिल्लीच्या राज कॉमिक्सनें १९८६ सालीं काढला. पहिला अंक मुळीकांनींच चितारला. नंतरही बरींच वर्षें ही धुरा त्यांनीं वाहिली. दंड वळला कीं खवल्यांची ओळही त्याबरोबर वळावी लागते, नाहीं तर अंगावर छापील कापड चिकटविल्यासारखें दिसतें. मुळीकांना हें साधलें, कारण उघड्या देहाचे स्नायू देवादिकांच्या चित्रांपासून त्यांच्या हाताला सरावाचे होते. कथा मला फारशा रुचल्या नाहींत, हें प्रांजळपणें सांगतों. रेषा मात्र निःसंशय पक्की. शतक संपण्यापूर्वींच हें काम अनुपम सिन्हा यांच्याकडे गेलें.

दुसऱ्या दिवशीं मीं पुस्तक परत दिलें. एका दिवसाचें वाढलेलें भाडेंही मींच भरलें. तो मुलगा मात्र त्यानंतर माझ्या तासाला वहीचें मागील पान उघडीनासा झाला.