ग्राहकांचे ऑनलाइन लेखन आणि नवीन उत्पादन विकास : ‘थार’ वाहनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे एरिक व्हॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये ‘अग्रणी ग्राहक’ ही संकल्पना मांडली. एखादी गरज ज्यांना इतरांच्या आधी जाणवते व जे तिच्यावर स्वतःच उपाय शोधू लागतात, ते अग्रणी ग्राहक होत. पूर्वी उत्पादकाला त्यांचा शोध घ्यावा लागे; आज ते आपले अनुभव, छायाचित्रे व तक्रारी स्वतःहून ऑनलाइन मांडतात. या लेखनाचे उत्पादन विकासातील स्थान व त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘थार’चे उदाहरण :
देवळाली कॅम्पपासून जवळच, सातपूर येथे महिंद्रा अँड महिंद्राचा कारखाना आहे. २०१० सालच्या थारला कापडी छत व मागे समोरासमोर बाके होती. अनेक मालक बाहेरून टणक छत बसवून घेत व त्याची छायाचित्रे प्रसिद्ध करीत. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये कारखान्यातच बसविलेले टणक छत, पुढे तोंड असलेली मागील आसने व स्वयंचलित गिअर हे पर्याय मिळाले.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दरवाजांची ‘थार रॉक्स’ आली. तिची पांढरट आसने आपल्याकडील धुळीत लवकर मळतील, अशी टीका समाजमाध्यमांवर झाली. सप्टेंबरमध्ये चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या प्रकारांच्या किमती जाहीर झाल्या, तेव्हा तपकिरी अंतर्भागाचा पर्यायही देण्यात आला. अर्थात, आसनांचा रंग काही आठवड्यांत बदलता येतो. छत किंवा आसनरचना बदलण्यास नवा आराखडाच लागतो.

उपयोगाची पद्धती व मर्यादा :
संकलन, वर्गीकरण, अर्थनिर्णय व पडताळणी असे या प्रक्रियेचे चार टप्पे मानता येतील. यांपैकी अर्थनिर्णय सर्वांत कठीण होय. ‘वा, काय मायलेज आहे!’ या वाक्यातील उपरोध संगणकीय विश्लेषणाच्या हाती लागेलच असे नाही. रोमन लिपीतील मराठीत तर अडचण आणखी वाढते. शिवाय ग्राहक अडचण नेमकी सांगतो, परंतु त्याने सुचविलेला उपाय योग्यच असेल असे नाही. टीका करणारा प्रत्येक जण खरेदीदार असतो, असेही नाही.

सर्वांत गंभीर मर्यादा मौनाची आहे. गाडी रोज चालविणारा पगारी चालक, मागच्या आसनावर चढताना कष्ट होणारी वृद्ध स्त्री किंवा ग्रामीण भागातील मेकॅनिक सहसा ऑनलाइन लिहीत नाहीत. केवळ लिहिलेल्यावर विसंबल्यास उत्पादन बोलक्या ग्राहकांचेच होऊन बसते.

निष्कर्ष :
ऑनलाइन लेखन हा बाजारपेठेचा कौल नसून प्रश्नांची यादी आहे. तिची उत्तरे प्रत्यक्ष भेटी व चाचण्यांतूनच पडताळावी लागतात. वाणिज्य शाखेच्या प्रकल्पकार्यात विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अभिप्रायांचे वर्गीकरण करून, त्याच वस्तूच्या न लिहिणाऱ्या वापरकर्त्यांच्या मुलाखतींशी त्याची तुलना केल्यास, ही दरी त्यांना स्वतः मोजता येईल.