चाळीतली आरोळी

दादरच्या चाळीत मेटल संगीताचे ध्वनिमुद्रण? वाचक हसतील. परंतु १९७९ साली ‘टास्कॅम’चे चार ट्रॅकचे कॅसेट-यंत्र निघाले आणि स्टुडिओ घरात शिरला. नॉर्वेच्या फेनरिझने ‘डार्कथ्रोन’च्या १९९४ मधील ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ची सर्व वाद्ये चार ट्रॅकच्या यंत्रावर घरी एकट्याने वाजविली, त्यातील खरखर हेच त्या संगीताचे धुके ठरले. आता गिटार संगणकाला जोडावी, ड्रमचे ठोके तेथेच एकेक करून रचावेत, हेडफोन लावावेत. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. अडचण गळ्याची आहे. आरोळी हेडफोनात मावत नाही! मग गोधडीत तोंड खुपसून, लोकल धडधडत जाईल तेवढ्या अवधीत ओरडून घ्यायचे. ती धडधडही मुद्रणात उतरते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती पुसण्याच्या भरीस कोणी पडू नये.