एकर तेवढाच, तारेचा खर्च मात्र पावणेदोनपट! वाटणीआधी हे गणित बघा

समजा, वाटणीत दोघा भावांना एकेक एकर आलं. धाकट्याचा तुकडा १९८ बाय २२० फूट, थोरल्याची पट्टी ६६ बाय ६६० फूट. मोबाइलवर गुणाकार करून बघा, दोन्ही ४३,५६० चौरस फूट. म्हणजे बरोबर ४० गुंठे. कागदावर कुणावरच अन्याय नाही.

आता चारी बाजूंची बेरीज करा. धाकट्याची येते ८३६ फूट, थोरल्याची १,४५२. चार पदरी तार ओढायची तर थोरल्याला जवळपास अडीच हजार फूट तार जास्त लागणार. दहा फुटाला एक खांब धरला तर खांबही साठएक जास्त.

गुणाकार येतो ते क्षेत्रफळ, बेरीज येते ती परिमिती. पीक क्षेत्रफळावर निघतं, कुंपण आणि बांध परिमितीवर. बांध तर जमीनही खातो. आपल्या हद्दीत चारी बाजूंनी तीन फुटांचा बांध सोडला, तर पट्टीतले चार गुंठे जातात, चौकोनी तुकड्यातले सव्वादोन. सगळ्यांना रस्त्याला तोंड पाहिजे म्हणून उभ्या पट्ट्या पडतात, त्यात गैर काही नाही. पण हा खर्च बोलणीतच धरावा, खातेफोड झाल्यावर कोण ऐकतो?

रान विकत घेताना फसगत वेगळी होते. टेप धरून चार बाजू मोजतात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि गुणतात. कोपरे काटकोनात असतील तरच हे बरोबर. रान तिरकं असेल तर क्षेत्र फुगून येतं. चारी बाजू २०० फूट असलेलं रान या पद्धतीनं ४०,००० चौरस फूट भरतं. पण त्याच रानात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली आणि ती २४० फूट भरली, तर रान तिरकं आहे. दोरीच्या दोन्ही अंगांना दोन त्रिकोण होतात. उरलेल्या कोपऱ्यांपासून दोरीपर्यंतचं सरळ अंतर १६० फूट येतं. २४० गुणिले १६०, त्याचं निम्मं १९,२००. दोन्ही मिळून ३८,४००. जवळपास दीड गुंठ्याचे पैसे फुकट गेले असते!

टेपचा हिशेब अंदाजापुरता. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

आणखी एक. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे गुंठा नव्हे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १,०७६ चा. ४० आरला एक एकर समजून पैसे दिले तर सुमारे अर्धा गुंठा कमी मिळतो.