हलकी रायफल, जड रायफल: पनवेलच्या रेंजपासून राधानगरीच्या जंगलापर्यंत

अमेरिका-कॅनडात हिवाळ्याच्या तोंडावर शिकारीचा हंगाम उघडतो आणि तिथल्या शिकाऱ्यांची ठरलेली चर्चा सुरू होते. हरणासाठी रायफल कोणती घ्यावी? वजनाला हलकी, ऊन-पाऊस-बर्फात टिकणारी, आणि बोर किती? हाच प्रश्न नवी मुंबईत कुणी विचारला, तर पहिलं उत्तर सरळ आहे: आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पण वजन, हवामान आणि बोर हे तीन मुद्दे इथेही रोज चर्चेत असतात. फक्त जागा बदलली. जंगलातल्या मचाणावरून ते शूटिंग रेंजवर आले. त्यांच्याभोवतीच्या या काही भन्नाट गोष्टी.

नवी मुंबईपेक्षा कर्नाळा जुनं

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली 1970 मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, 1968 मध्ये, पनवेलजवळच्या कर्नाळ्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. म्हणजे शहराचा आराखडा कागदावर उतरण्याआधीच इथल्या जंगलाला संरक्षण होतं! त्यानंतर आला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे केवळ गोळी घालणं नव्हे. फासे लावणं, आमिष टाकणं, जनावर पकडणं, इतकंच काय, यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाना मिळत असे. 1991 च्या दुरुस्तीने ती वाटही बंद केली.

रायफलीपेक्षा हलकं हरीण

सह्याद्रीच्या दाट झाडीत पिसोरी नावाचा इवलासा प्राणी राहतो. आपण त्याला हरीण म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने तो हरणांच्या सख्ख्या कुळातला नाही. त्याला शिंगं नसतात, नराला सुळे असतात. वजन भरतं जेमतेम तीन किलो. शिकारीची चांगली हलकी रायफलही साधारण तेवढ्याच वजनाची असते. दुसऱ्या टोकाला आहे सांबर. त्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्याही वर जातो. एकाच सह्याद्रीत ही दोन्ही टोकं नांदतात.

हलकी रायफल खांद्याला महाग

हलकी रायफल डोंगर चढताना सुखाची, पण चाप ओढला की तिचा हिशेब चुकता होतो. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन निम्मं केलं, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. म्हणूनच जाणकार शिकारी हलक्या रायफलीसोबत मध्यम ताकदीचं काडतूस निवडतो. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना डोळे मिटतात आणि नेम जातो. वजनात वाचवलेला अर्धा किलो नेमात महाग पडतो.

नेमबाजाला मात्र जडच हवी

दिवसभर खांद्यावर वाहायची म्हणून शिकाऱ्याला हलकी रायफल हवी. नेमबाजाला ती जागच्या जागी स्थिर धरायची असते, म्हणून त्याला जड हवी. दहा मीटर एअर रायफलीत नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो चालतात, आणि बरेच नेमबाज त्या मर्यादेच्या आसपासच राहतात. रायफल हलकी वाटली, तर नळीच्या टोकाशी किंवा दस्त्याखाली छोटी वजनं स्क्रूने बसवतात.

उभ्याने नेम धरणारी खेळाडू जवळून पाहा. उजव्या हाताची असेल, तर डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं असतं, डावी मूठ रायफलीखाली आणि पाठ किंचित मागे झुकलेली. रायफल स्नायूंनी पेलायची नाही, हाडांवर टेकवायची. स्नायू थकतात आणि थरथरतात. हाडांचं तसं नसतं. पात्रता फेरीतले साठ नेम असे एकापाठोपाठ एक मारायचे असतात.

आकडा मोठा, नळी बारीक

बोरचं गणित नवख्याला हमखास चकवतं. ‘पॉइंट टू टू’ म्हणजे इंचाचे शंभरातले बावीस भाग, म्हणजेच सुमारे 5.6 मिलीमीटर. इथे आकडा वाढला की नळी रुंद होते. ‘बारा बोर’ बंदुकीचा हिशेब याच्या उलट चालतो. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा जिच्यात नेमका बसेल, ती नळी बारा बोरची. वीस बोरला त्याच पौंडाचे वीस गोळे, म्हणजे गोळा लहान आणि नळीही बारीक. एकच शब्द, दोन विरुद्ध हिशेब!

छर्ऱ्यापेक्षा नऊ पट बारीक लक्ष्य

एअर रायफलीचा छर्रा 4.5 मिलीमीटरचा. दहा मीटरवर ज्या ठिपक्याला दहा गुण, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलीमीटर. म्हणजे छर्रा लक्ष्याहून नऊ पट रुंद! त्यातही दशांश गुण मोजतात आणि एका नेमाला जास्तीत जास्त 10.9 मिळतात. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटरचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं.

एका गोळीत सत्तावीस

मोठ्या शिकारीसाठी जगभर वापरलं जाणारं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतूस आलं 1906 मध्ये, नावातला ‘सिक्स’ त्या सालाचाच. त्याच्या गोळीची ऊर्जा सुमारे 3,800 ज्यूल असते. पॉइंट टू टूच्या स्पर्धेतल्या गोळीची सुमारे 140. म्हणजे पहिलीत दुसरीसारख्या सत्तावीस गोळ्या मावतील. एअर रायफलीचा छर्रा तर आठ ज्यूलच्या आसपासच असतो.

वेगाची गोष्ट त्याहून मजेशीर. स्पर्धेतलं टू टूचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडं हळू ठेवतात. ध्वनीची सीमा ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, म्हणून ती सीमा गाठायचीच नाही. हरणासाठी ताकद लागते, पदकासाठी शांत गोळी.

कॉर्बेटची हलकी रायफल आणि मुंबई

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल 1907 मध्ये जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी एक रायफल भेट दिली. ती होती लंडनच्या रिग्बी कंपनीची .275, म्हणजे सात मिलीमीटरची. त्या काळच्या अवजड दुनळी रायफलींच्या मानाने ती बारीक बोरची आणि सुटसुटीत. 1926 मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या याच रायफलीने पडला. कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे गाजलेलं पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झालं, तेही आपल्या मुंबईतून. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते छापलं. पुढे याच शिकाऱ्याने वाघ वाचवण्यासाठी लेखणी आणि कॅमेरा हाती घेतला.

बोर ठरवला कायद्याने

रायफलीचा बोर नेहमी शिकारी निवडतो असं नाही. बऱ्याचदा तो सरकार निवडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने .450 बोरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. त्या मापाचा दारूगोळा जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या हाती पडेल, ही धास्ती होती. मग इंग्लंडच्या बंदूक कारागिरांनी .465, .470 अशी नवी मापं काढली. आजही लष्करी .303 सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीने नागरिकांसाठी .315 ची रायफल बनवली, म्हणजे आठ मिलीमीटरची.  

पावसाळ्यात लाकूड फुगतं

‘ऑल वेदर’ म्हणजे काय, हे कोकणपट्टीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जुन्या रायफलींचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे. दमट हवेत लाकूड पाणी पितं, फुगतं, नळीवर दाब येतो आणि मे महिन्यात जुळवलेला नेम जुलैत सरकतो. त्यावर दोन उपाय निघाले. दस्ता फायबरग्लासचा किंवा थर दाबून केलेल्या लाकडाचा, आणि नळी दस्त्याला न टेकता मोकळी तरंगणारी. नळीचं पोलाद स्टेनलेस असेल तर गंजाचा वेगही मंदावतो. स्पर्धेच्या रायफलींनी तर लाकूड जवळपास सोडूनच दिलं आणि ॲल्युमिनियम धरलं.

तरीही खाडीकाठच्या शहरात निगा चुकत नाही. नेमबाज रायफलीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, घामाचे हात लागलेला धातू पुसल्याशिवाय पेटी बंद करत नाहीत. टू टूच्या गोळीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे थंडी-उष्म्याचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांचा एकेक लॉट, म्हणजे एकत्र बनलेली खेप, आपल्या रायफलीत लावून तपासतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात.

रायफलीशिवाय शिकार

कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार होई ती शिकवलेल्या चित्त्यांकडून. डोळ्यांवर टोपडं चढवलेला चित्ता गाडीतून माळरानावर न्यायचा, कळप दिसला की टोपडं काढून सोडायचा. देशातले चित्ते कमी पडू लागले, तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर 2022 मध्ये तो नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोला आला. या वेळी शिकारीसाठी नव्हे, जगवण्यासाठी. आणि काळवीट? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला त्याच्यासाठी 1980 पासून अभयारण्य आहे.

शिकारीच्या रानातून ऑलिंपिक पदक

या यादीतली माझी सर्वांत लाडकी गोष्ट ही. राधानगरी-दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. 1958 मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल घेऊन उभा राहिला. पन्नास मीटर थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्याने, अशी कसोटी. अंतिम फेरीत 451.4 गुण आणि कांस्य. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक आणलं ते थेट 72 वर्षांनी! कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून, 600 पैकी 597 गुण मिळवले आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला झाली.

पनवेलचा वारसा

आता घरची गोष्ट. पनवेलला ‘लक्ष्य’ शूटिंग क्लब उभारणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत पात्रता फेरीत 400 पैकी 400 गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरीही त्यांनी गाठली. पुढे त्यांनी घडवलेली जयपूरची अवनी लेखरा पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तारीख 30 ऑगस्ट 2021, टोकियो. आणि बरोबर तीन वर्षांनी, 30 ऑगस्ट 2024 ला, पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण. अवनी व्हीलचेअरवर बसून, कोपराला कसलाही आधार न घेता रायफल धरते.

तीन किलोची दुसरी ‘रायफल’

हरणाचा नेम धरायचाच असेल, तर तोही धरता येतो. कॅमेऱ्याची 600 मिलीमीटरची व्यावसायिक लेन्स सुमारे तीन किलोंची असते, शिकारीच्या हलक्या रायफलीएवढीच. पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून तिचे सांधे रबरी पट्ट्यांनी बंद केलेले असतात. इथेही वजन आणि हवामान हेच निकष लागतात. आणि सराव करायला जागा दाराशीच आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं.

मग घ्यायची कोणती?

रायफलीची ओढ असेल, तर सुरुवात 4.5 मिलीमीटरच्या एअर रायफलीने करा. या बोरची, वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल शस्त्रपरवान्यातून मुक्त आहे. टू टूसाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. विकत घेण्याची घाई नको. आधी मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, क्लबच्या रायफलीने सहा महिने शिका. तुमची उंची, खांदा आणि हात कोणत्या वजनाला मानवतात, हे तेव्हाच कळेल. एअर रायफल परवान्यातून मुक्त असली, तरी पक्ष्यावर किंवा प्राण्यावर ती रोखण्याची मोकळीक कुणालाच नाही. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणि कर्नाळ्यात, माथेरानच्या पायथ्याशी किंवा गावच्या रानात कुठे फासा दिसला, बंदुकीचा आवाज आला, तर गप्प बसू नका. महाराष्ट्र वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक आहे 1926. तो आत्ताच फोनमध्ये जतन करून ठेवा.