गेलेले केस, गेलेलीं नखें आणि त्यांचें परत येणें



मी वैद्य नव्हें. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकून छत्तीस वर्षें धुळें जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना अंकगणित व मराठी शिकविलें, एवढीच माझी विद्या. तेव्हां कर्करोगासारख्या गहन रोगाच्या औषधांवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. त्याला उत्तर असें कीं, हा विषय माझ्या घरांत राहून गेला आहे. दोन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस स्तनाचा कर्करोग असल्याचें निदान झालें. शस्त्रक्रिया झाली, आणि मागून तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें शिरेवाटें औषधाच्या आठ मात्रा देण्यांत आल्या. या उपचारास रसायनचिकित्सा असें भारदस्त नांव आहे. लोक ‘केमो’ म्हणतात, आणि मीहि तोच शब्द वापरणार आहें. रोगाविषयीं डॉक्टरांनीं आम्हांस पुष्कळ समजावून सांगितलें. केसांविषयीं मात्र एकच वाक्य मिळालें: “केस जातील, पण परत येतील.” वाक्य खरें होतें. परंतु कधीं, किती, कसे, आणि मध्यंतरीं नखांचें काय होणार, हें त्यांत कांहींच नव्हतें. त्या एका वाक्याचें स्पष्टीकरण करणें एवढेंच आजच्या माझ्या भाषणाचें काम.

आरंभीं माझी स्वतःची चूक सांगून टाकतों. केस जाणार असें कळल्यावर घरीं येतांना मी मोठ्या शहाणपणानें म्हणालों, “केसांचें काय एवढें! जीव वांचतो आहे, हें काय थोडें झालें?” ती त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, “अहो, माझ्या आजीला मीं पाहिली आहे. लाल आलवण, आणि डोकें गुळगुळीत. मागल्या दारीं न्हावी यायचा आणि आम्हां मुलींना आंत हांकलून द्यायचे. तुम्ही असतांना माझें डोकें तसें व्हायचें?” मी निरुत्तर झालों. विधवांचें केशवपन आम्हीं करणार नाहीं असा ठराव मुंबईच्या नाभिकांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें १८९० सालीं केला, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. परंतु ती चाल ज्या घरांत रेंगाळली त्या घरांतील नातीच्या मनावर त्या गुळगुळीत डोक्याचा अर्थ काय कोरला जातो, याचा विचार मीं कधीं केला नव्हता. सवाष्णीच्या डोक्यावरचे केस ही आपल्याकडे केवळ शोभेची वस्तु नव्हे. म्हणून माझी पहिली विनंति पुरुष श्रोत्यांस आहे, आणि ती इतकीच कीं, माझें तें वाक्य त्यांनीं उच्चारूं नये.

आतां केस कां जातात तें पाहूं. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचें आयुष्य निरनिराळ्या अवस्थांतून जातें. दोन ते सहा वर्षें तो वाढतो, दोनतीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते, नंतर सुमारें तीन महिने तो नुसता मुळाशीं टेंकून उभा असतो आणि मग गळून पडतो. निरोगी माणसाचेहि दिवसाला पन्नास ते शंभर केस याप्रमाणें जातातच. मौज अशी कीं, कोणत्याहि एका वेळीं डोक्यावरील शेंकडा ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेंत असतात. वाढणें म्हणजे मुळाशीं असलेल्या पेशींनीं सारखें विभागत राहणें. केमोचें औषध रक्तांतून सर्व शरीरभर फिरतें, आणि भराभर विभागणाऱ्या पेशींवर त्याचा घाव पडतो. कर्कपेशी ही तशी आहे, आणि केसाच्या मुळांतील पेशीहि तशीच आहे. औषधाला दोघींमधला चोर कोण व साव कोण हें ओळखतां येत नाहीं. मुळाशीं चाललेलें काम एकाएकीं थांबतें, केसाचा तंतु त्या ठिकाणीं बारीक होतो, आणि तेथेंच तुटतो किंवा मुळासकट निसटतो. पहिल्या मात्रेनंतर दोनतीन आठवड्यांनीं हें सुरू होतें. भिंवया व पापण्या यांच्या केसांचा वाढीचा काळ थोड्या महिन्यांचाच असल्यामुळें एका वेळीं त्यांतले थोडेच केस वाढींत असतात. म्हणून ते उशिरां जातात, पुष्कळदां उपचाराच्या अखेरीस जातात, आणि त्या वेळीं घरचे लोक उगाच घाबरतात. येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. केस अधिक गेले म्हणजे औषध अधिक लागू पडलें, किंवा कमी गेले म्हणजे औषध वायां गेलें, असा कांहीं हिशेब नाहीं.

आमच्या घरीं सतराव्या दिवशीं उशी केसांनीं भरली. विसाव्या दिवशीं ती म्हणाली, “रोज थोडें थोडें पाहण्यापेक्षां एकदांच होऊन जाऊं दे.” माझा एक जुना विद्यार्थी गांवांत केशकर्तनालय चालवितो. त्याला बोलावलें. मीं मागल्या पडवींत पाट मांडला होता. तिनें तो उचलला आणि पुढच्या ओसरीवर नेऊन ठेवला. “मागल्या दारीं नाहीं,” एवढेंच म्हणाली. भर सकाळीं, रस्त्यानें माणसें जात असतां, ती तेथें बसली.

केमोच्या औषधांपैकीं दोहोंचा परिचय येथें करून देतों. पहिलें डॉक्सोरुबिसिन. हें सरबतासारखें तांबडें असून इटलींतील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळालें. दुसरें पॅक्लिटॅक्सेल, आणि याची कथा आम्हां खानदेशी लोकांस अभिमानाची आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरण्यांत यू नांवाचें एक सावकाश वाढणारें झाड आहे. १९६२ सालीं त्याची साल तपासणीसाठीं गोळा करण्यांत आली, आणि तिच्यांतील औषधी द्रव्य निराळें काढून त्याची रचना १९७१ सालीं ज्यांनीं प्रसिद्ध केली, त्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकीं एक मनरो वॉल व दुसरे मनसुख वाणी. हे वाणी १९२५ सालीं नंदुरबारास, म्हणजे त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांत जन्मले, मुंबई विद्यापीठांत शिकले आणि पुढें अमेरिकेस गेले. २०२० सालीं ते निवर्तले. पेशी विभागतांना आपल्या आंत बारीक सूत्रांचा एक मांडव उभारते व काम झाल्यावर तो मोडते. हें औषध तो मांडव मोडूंच देत नाहीं, आणि पेशी अर्ध्यावर अडकून मरते. माझ्या पत्नीस मीं ही हकीकत सांगितली तेव्हां ती म्हणाली, “नंदुरबारच्या माणसानें जीव वांचविला खरा, पण माझीं नखें त्यानेंच नेलीं!” तिचें म्हणणें चुकीचें नव्हतें, त्याकडे पुढें वळतों.

केस परत कां येतात? केसाच्या मुळाच्या बाजूला, थोड्या वरच्या अंगास, मूळपेशींचा एक राखीव सांठा असतो. या पेशी बहुधा स्वस्थ असतात, क्वचितच विभागतात, म्हणून औषधाच्या तडाख्यांतून वांचतात. शेतांतलें उभें पीक करपलें तरी कणगींत राखलेलें बियाणें करपत नाहीं, तसेंच हें आहे. अखेरच्या मात्रेनंतर तीनचार आठवड्यांनीं डोक्यावर मऊ लव दिसूं लागते. तान्ह्या मुलाच्या जावळासारखी ती असते. दोनतीन महिन्यांत डोकें झांकेल इतके खरे केस येतात. पुढचा हिशेब सोपा आहे: महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. सहा महिन्यांत दोन इंच, वर्षांत चारपांच इंच. ज्या स्त्रीची वेणी साठ सेंटिमीटर होती तिला ती वेणी परत मिळण्यास पांच वर्षें लागतील. हा आंकडा मीं पत्नीस सांगावा कीं न सांगावा याचा दोन दिवस विचार केला. शेवटीं सांगितला. ती म्हणाली, “आधींच सांगायचें होतें. मी दर सकाळीं आरशांत पाहून निराश होत होतें.”

नव्या केसांचें रूप कधीं कधीं ओळखूं येत नाहीं. सरळ केसांच्या जागीं कुरळे येतात, काळ्यांच्या जागीं पांढरे किंवा राखी. रंग घालणाऱ्या पेशींनाहि सांवरण्यास अवधि लागतो, आणि केसाच्या कूपिकेचा आकार कांहीं काळ बदललेला असतो. बहुतेकांचें हें कुरळेपण वर्षाच्या आगेंमागें कमी होतें.

नखांच्या बाबतींत मात्र आम्ही अगदींच बेसावध होतों. पांचव्या मात्रेनंतर, म्हणजे यूच्या सालीचें औषध सुरू झाल्यावर, बोटांचीं नखें तपकिरी पडलीं, दुखूं लागलीं आणि टोंकाकडून सुटूं लागलीं. तिला मटार सोलतां येईना, ब्लाउजच्या हुका लावतां येईनात, वातींना पीळ देतां येईना. यांत विशेष कांहीं नव्हतें. पॅक्लिटॅक्सेल व त्याच जातीचें डॉसेटॅक्सेल या औषधांचा नखांवर असा परिणाम पुष्कळदां होतो. शिवाय नखांवर आडव्या खांचा दिसूं लागल्या. नखाच्या मुळाशीं जो कारखाना आहे तो प्रत्येक मात्रेच्या वेळीं कांहीं दिवस मंदावतो, आणि त्या मंदीची नोंद खांचेच्या रूपानें नखावर उमटते. पॅरिसचे डॉक्टर बो यांनीं १८४६ सालीं या रेघांचें वर्णन केलें. आजहि त्या त्यांच्याच नांवानें ओळखल्या जातात. बोटाचें नख महिन्याला सुमारें ३ मिलिमीटर वाढतें, म्हणजे तीन आठवड्यांत सुमारें २. मीं माझी जुनी फूटपट्टी काढली. तिच्या आंगठ्यावर चार रेघा होत्या, आणि दोन रेघांतील अंतर २ मिलिमीटरांस थोडें कमी भरलें. उपचाराचें सारें वेळापत्रकच त्या आंगठ्यावर लिहिलेलें होतें! अंकगणित शिकविण्यांत आयुष्य गेलें, पण त्यानें माझ्या घरांत इतका धीर पूर्वीं कधीं दिला नव्हता. शेवटची रेघ टोंकापर्यंत सरकली कीं औषधाच्या काळांतलें नख संपलें. हाताच्या नखांना याला सुमारें सहा महिने लागतात. पायाच्या आंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष.

तोंवर काय करावें? नखें आंखूड कापावीं, मुळाजवळची कातडी कुरतडूं नये, भांडीं घासतांना रबरी हातमोजे घालावे, सुटलेल्या नखाखालीं काडी घालून मळ काढूं नये. पू झाला, ठणका लागला किंवा नख हिरवट दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. डोक्यास सौम्य साबण व खोबरेल चालेल. खोबरेलानें त्वचा मऊ राहते, केस उगवत नाहींत. हें मी अनुभवानें सांगतों. एका विक्रेत्याच्या हमीवर विसंबून मीं दोन हजार रुपयांचें केशवर्धक तेल आणलें; त्यानें तिच्या टाळूवर पुरळ उठलें, आणि केस आले ते आपल्या ठरल्या वेळींच. बायोटिनच्या गोळ्या कोणी सुचविल्यास डॉक्टरांना सांगितल्यावांचून घेऊं नयेत, कारण त्या थायरॉईडसारख्या रक्ततपासणीचे आंकडे चुकवूं शकतात. कलप व काळी मेंदी कांहीं महिने दूरच ठेवावी.

केस मुळीं जाऊंच नयेत यासाठीं एक उपाय आहे, तो म्हणजे शीतटोपी. औषध चालू असतांना, त्याच्या आधीं व नंतरहि कांहीं वेळ, टाळू अतिशय थंड ठेवतात. रक्तवाहिन्या आकसून मुळांपर्यंत औषध कमी पोंचतें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत याची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. टोपी वापरलेल्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून कांहीं अधिक जणींचे केस टिकले. न वापरलेल्यांपैकीं एकीचेहि टिकले नाहींत. नखांसाठीं असेच गोठविलेले हातमोजे असतात; फ्रान्समध्यें डॉसेटॅक्सेल घेणाऱ्या रुग्णांवर ते वापरून पाहिल्यावर नखांची हानि पुष्कळ कमी झाल्याचें २००५ सालीं दिसून आलें. आमच्या वाट्याला यांतलें कांहीं आलें नाहीं, कारण आम्हीं विचारलेंच नाहीं. पहिल्या मात्रेपूर्वीं विचारावें. नंतर विचारून उपयोग नाहीं.

एक अप्रिय गोष्टहि सांगितली पाहिजे. थोड्या स्त्रियांचे केस, विशेषतः डॉसेटॅक्सेलनंतर, पूर्ववत् दाट होत नाहींत. शिवाय केमो संपल्यावर पुष्कळ जणींना पांच वर्षें किंवा अधिक काळ टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल अशा गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांनींहि केस विरळ होतात. म्हणून अखेरच्या मात्रेनंतर सहा महिन्यांनींहि टाळू दिसत असेल तर दैवाला दोष न देतां त्वचारोगतज्ज्ञांस भेटावें. लावावयाचीं औषधें आहेत. मात्र त्या गोळ्या केसांसाठीं स्वतःच्या मनानें बंद करूं नयेत. त्या रोग परतूं नये म्हणून असतात.

मला दिलेला वेळ संपत आला. अखेरच्या मात्रेस आतां पंधरा महिने झाले. केस अजून वीतभर नाहींत, अंबाडा बसत नाहीं, पण गजऱ्याला क्लिप लावतां येते. कपाळावर एक पांढरें कुरळें वळण येतें तें तिला आवडत नाहीं आणि नातवाला फार आवडतें. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ती या वर्षीं डोक्यावरून पदर न घेतां गेली. हाताच्या नखांवर आतां एकहि रेघ नाहीं. पायाच्या आंगठ्यावरील शेवटची रेघ मीं परवां मोजली. टोंकापर्यंत अजून चार मिलिमीटर राहिली आहे.